एकविसावा वाटा: खराडीतल्या एका चार्जिंग यार्डाचं प्रकरण

पुण्याच्या खराडीत, नगर रस्त्यापासून जरा आत, पत्र्याच्या शेडखाली हे यार्ड आहे. एका बाजूला वीस मालवाहू तीनचाकी. त्या दिवसभर शहरात पार्सलं पोचवतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा चार्जिंगला उभ्या असतात. समोरच्या बाजूला वीस कॅब. त्या रात्रपाळीच्या लोकांची ने-आण करतात, म्हणून त्यांचं चार्जिंग सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मधल्या भिंतीला टेकून जादा बॅटऱ्यांचं एक लोखंडी कपाट आहे. ते कुठे जात नाही, त्यामुळे त्याला रात्रीचे आठ तासही मोकळे आणि दिवसाचे आठ तासही. हे कपाट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

यार्डाचे मालक आबा. तीनचाकींचा ठेकेदार वेगळा, कॅबवाला वेगळा, आणि कोणाची गाडी किती चालली, किती रिकामी झाली हे एकमेकांना कळू द्यायला दोघेही तयार नाहीत. धंद्याची गोष्ट आहे, त्यात गैर काही नाही. म्हणून मी जे वेळापत्रक लिहिलं त्यात एका जागी सगळी माहिती गोळा होत नाही. प्रत्येक चार्जरवर एक छोटी पेटी आहे, आपल्या गाडीला किती युनिट हवेत ते तिलाच ठाऊक. ठेकेदाराची पेटी आपल्या वीस गाड्यांची तासागणिक बेरीज तेवढी बाहेर सांगते. मधला संगणक बेरजा पाहून ‘या तासाला एवढं कमी पडतंय’ किंवा ‘एवढं जास्त होतंय’ असं कळवतो, पेट्या आपला आराखडा सुधारतात, पुन्हा बेरजा पाठवतात. ही एक फेरी. शेडखाली नेटवर्क यथातथाच, त्यामुळे एका फेरीला दोन सेकंद जातात. दर पंधरा मिनिटांनी ताजे अंदाज घेऊन आराखडा नव्याने बसवायचा, म्हणजे हाताशी फेऱ्या ४५०.

यातली गणिती पद्धत म्हणजे डग्लस–रॅचफर्ड विभाजन. मूळ कल्पना १९५६ सालची, उष्णतेच्या वहनाचं समीकरण आडव्या आणि उभ्या दिशेत तोडून सोडवण्यासाठी काढलेली. १९७९ मध्ये लायन्स आणि मर्सिए या गणितज्ञांनी ती बहिर्वक्र इष्टतमीकरणाच्या, म्हणजे वाटीसारख्या आकाराच्या प्रश्नांत सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याच्या, चौकटीत आणली. एडीएमएम (आल्टरनेटिंग डिरेक्शन मेथड ऑफ मल्टिप्लायर्स) या नावाने जी पद्धत आज सगळीकडे वापरतात ती याच घराण्यातली: मूळ प्रश्नाच्या द्वैत रूपाला, म्हणजे अटींच्या बाजूने मांडलेल्या त्याच प्रश्नाला, डग्लस–रॅचफर्ड लावलं की एडीएमएम मिळते. सूत्र साधं आहे. अवघड अट दोन सोप्या अटींत तोडायची, प्रत्येक अट एकेकटी सोडवायची, आणि मधे एक ‘स्मरण’ ठेवायचं, ज्यात आधीच्या फेऱ्यांची चूक साठत जाते.

आमच्या दोन अटी अशा. पहिली, गाडीची: तिच्या आठ तासांची बेरीज तिला हव्या तेवढ्या युनिटांइतकी. दुसरी, तासाची: त्या तासाला सगळ्यांची मिळून बेरीज ठरल्याप्रमाणे. चार्जर ० ते ३.३ किलोवॅटमध्येच चालतो हेही खरं, पण ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी कोणीही दोन्ही टोकांना टेकलं नव्हतं, म्हणून ते बंधन तूर्त बाजूला ठेवते.

काय बिघडलं

सुरुवातीला तासाची अट ‘१८ किलोवॅटच्या वर जायचं नाही’ अशी होती. तीनचाकींना प्रत्येकी ६ युनिट, म्हणजे एकूण १२०. कॅबना प्रत्येकी ६.५, एकूण १३०. कपाटाला ३०. सगळ्यांनी आपापली गरज आठ तासांत (कपाटाने सोळा तासांत) समान पसरली तर रात्रीच्या तासाला १६.८७५ किलोवॅट येतात आणि दिवसाच्या तासाला १८.१२५. दिवसा किंचित जास्त होतं. पद्धत २१ फेऱ्यांत थांबायची, एका मिनिटाच्या आत. कोणाची काही तक्रार नव्हती.

मग आबांनी वीजबिल समोर ठेवलं. महिन्यातल्या सर्वोच्च मागणीवर मागणी आकार लागतो, मग ती मागणी जमेल तेवढी खाली का आणू नये? प्रश्न रास्त होता. एकूण गरज २८० युनिट, तास सोळा, म्हणजे तासाला बरोबर १७.५ किलोवॅट. याहून खाली कोणीच आणू शकत नाही. मी ‘१८ च्या वर नाही’ ही ओळ खोडून ‘१७.५ इतकंच’ अशी केली. बदल एका ओळीचा होता, मी वहीवर ताळाही केला होता: कपाटाने रात्री तासाला २.५ आणि दिवसा १.२५ घेतले की सगळं जुळतं. उत्तर आहे, आणि नजरेला दिसतंय.

त्या रात्री सव्वादहाला पद्धत थांबली नाही, साडेदहालाही नाही. नवा अंदाज आला की ती पहिल्यापासून सुरू करायची. आणि प्रोग्रॅममध्ये मीच अट घातली होती की हिशोब सहा अंकांपर्यंत स्थिरावल्याशिवाय आराखडा चार्जरला सोडायचा नाही. सकाळी सहाला वीस तीनचाकी होत्या तशाच, रिकाम्या. आबांचा फोन आला.

“ताई, तुमचं यंत्र रात्रभर विचारच करत बसलंय. गाड्या कशावर काढू?”

आबा चिडले नव्हते, याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवशी चार्जर हाताने चालू करून अर्ध्या गाड्या उशिरा निघाल्या. तीनचाकीवाल्यांची दिवसाची कमाई फेऱ्यांवर असते. ती बुडाली, आणि तिला कारण मी होते.

तीन दिवस चुकीच्या ठिकाणी

पहिला संशय आला तो असा की अटी एकमेकींशी जुळतच नसतील. तो लगेच फिटला, कारण त्याची खूण वेगळी असते. दोन अटींना समाईक उत्तरच नसेल तर एका फेरीतून दुसऱ्या फेरीत होणारा बदल कमी होत होत एका ठरावीक आकड्याशी अडतो, शून्याकडे जात नाही, आणि स्मरणाचा आकडा वाढतच राहतो. आमचा बदल शून्याकडे चालला होता, फक्त गोगलगायीच्या चालीने.

दुसरा उपाय प्रत्येक जण सुचवतो तोच: रो बदला. एडीएमएममध्ये रो नावाचा एक आकडा असतो, त्याच्यावर पद्धतीचा वेग अवलंबून असतो असं सगळेच सांगतात. आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने ०.१ पासून १०० पर्यंत सगळे रो लावून पाहिले. निकाल दशांशापर्यंत तेच. त्याला वाटलं प्रोग्रॅममध्ये कुठेतरी रो वाचलाच जात नाही, म्हणून एक अख्खा दिवस तो ती चूक शोधत होता. चूक नव्हती. आमच्या दोन्ही बाजूंना खर्चाचं फलन नाहीच, नुसत्या अटी आहेत. अटीवर प्रक्षेप घ्यायचा म्हणजे तिच्यावरचा सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा, आणि जवळचा बिंदू कोणता हे रोवर ठरत नाही. ते बटण आमच्या यंत्रात कशालाच जोडलेलं नव्हतं. मला हे पहिल्याच तासात सुचायला हवं होतं.

तिसरा उपाय अतिशिथिलनाचा: प्रत्येक पाऊल थोडं लांब टाकायचं. १.५ ते १.८ पट असा सल्ला सर्वत्र दिसतो, ओएसक्यूपी या असे प्रश्न सोडवणाऱ्या प्रसिद्ध प्रोग्रॅममध्ये तर १.६ हा मुळात बसवलेलाच आकडा आहे. आम्ही १.६ लावला आणि पद्धत आणखी मंदावली. हे का, ते पुढे सांगते. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, बाहेर धो धो पाऊस आणि यार्डात गुडघाभर पाणी असताना, मी उपाय शोधणं थांबवलं आणि नुसता लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने केलेली फेरीगणिक नोंद, वाचायला बसले. त्याच्या आधी मी लॉग उघडला होता तो फक्त शेवटचा आकडा पाहायला.

कपाटाचा आकडा

लॉगमध्ये मी एकच रकाना घेतला, रात्रीच्या तासाला कपाट किती घेतंय तो. उत्तर २.५ आहे हे माहीत होतं.

सुरुवात १.८७५ पासून. सातव्या फेरीला २.४८. म्हणजे जवळजवळ आलोच! आठव्याला २.६०. चौदाव्या फेरीला २.९४. मग मागे फिरून एकोणतिसाव्या फेरीला २.१९. त्रेचाळिसाव्याला २.७२. आकडा २.५ च्या दोन्ही बाजूंना झोके घेत होता. एक पूर्ण झोका २८-२९ फेऱ्यांचा, आणि प्रत्येक झोक्याची उंची आधीच्या झोक्याच्या जवळपास निम्मी.

हे पाहून डोक्यात दिवा लागला. झोक्याची लांबी आणि झोक्याचं आटणं, दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: दोन अटींमधल्या कोनातून.

एका पानावर दोन सरळ रेषा काढा, एकमेकींना छेदणाऱ्या. त्यांच्यातला कोन थीटा. एक रेषा गाडीची अट, दुसरी तासाची अट, छेदनबिंदू म्हणजे उत्तर. डग्लस–रॅचफर्डची एक फेरी म्हणजे बिंदूचं आधी एका रेषेत प्रतिबिंब घ्या, मग दुसऱ्या रेषेत, आणि मूळ बिंदू व शेवटचं प्रतिबिंब यांच्या मध्यावर जा. दोन रेषांतली लागोपाठ दोन परावर्तनं म्हणजे दुप्पट कोनातून फिरणं, हे दहावीच्या भूमितीवरूनही पटतं. मध्य घेतला की फिरणं थीटाएवढं उरतं आणि छेदनबिंदूपासूनचं अंतर थीटाच्या कोसाइनने कमी होतं. बिंदू गोगलगायीच्या शंखासारखा आत आत फिरत जातो. कोन मोठा असेल तर दोन-चार पावलांत आत. कोन बारीक असेल तर कोसाइन एकाच्या इतका जवळ की घिरट्या संपत नाहीत.

आमचं चित्र खरं तर शेकडो मितींचं आहे: ४१ चार्जर, प्रत्येकाचे आठ किंवा सोळा तास. पण रात्रीचे तास सगळे सारखे, दिवसाचे सारखे, वीस तीनचाकी सारख्या, वीस कॅब सारख्या. या सारखेपणामुळे बाकी सगळ्या दिशांतला कोन काटकोन निघतो, तिथली चूक एका फेरीत संपते. उरते एकच दिशा: रात्र विरुद्ध दिवस. सगळं प्रकरण खरोखरच एका पानावरच्या दोन रेषांवर येतं.

आणि तो कोन किती, हे काढायला सूत्रही लागत नाही. वाटणी बघा. सुरुवातीला रात्रीच्या तासाला ०.६२५ किलोवॅट कमी पडतात. तासाची अट काय करते? ही तूट तिथे उभ्या असलेल्या एकवीस जणांत समान वाटते, प्रत्येकाला सुमारे ०.०३ किलोवॅट. मग गाडीची अट येते. वीस तीनचाकी म्हणतात, आम्हाला ६ युनिटच हवेत, जास्तीचं आमच्याकडे कुठे ठेवायचं? त्या आपला वाटा जसाच्या तसा परत करतात. ठेवून घेतं एकटं कपाट, कारण तेच रात्रीचं वाढवून दिवसाचं कमी करू शकतं. एकवीस वाट्यांपैकी एक कामी आला, वीस परत आले.

हाच तो कोन. कोसाइनचा वर्ग २० भागिले २१. कोसाइन ०.९७५९. कोन १२.६ अंश. पूर्ण वेढा ३६० अंशांचा, त्याला १२.६ ने भागलं की २८.६ फेऱ्या. लॉगमधला झोका! आणि ०.९७५९ चा २८.६ वा घात ०.४९८, म्हणजे निम्मा. वहीतले दोन्ही आकडे लॉगशी जुळले तेव्हा मी घड्याळ पाहिलं, रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मुलाला फोन करून उठवलं. सकाळपर्यंत थांबवलं नसतं.

एक दशांश अंक मिळवायला ९४ फेऱ्या, सहा अंकांना ५६६. हाताशी ४५०. रात्रभर पद्धत का संपली नाही, त्याचा पूर्ण हिशोब हा.

प्रमेयं काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

या पद्धतींच्या वेगावर गेल्या काही दशकांत खूप चांगलं काम झालं आहे. कुठल्याही बहिर्वक्र प्रश्नाला लागू होणारी हमी अशी: के फेऱ्यांनंतर एका पावलाची लांबी ‘उत्तरापासूनचं सुरुवातीचं अंतर भागिले के-अधिक-एकचं वर्गमूळ’ याहून जास्त नसते. डेव्हिस आणि यिन या गणितज्ञांनी ही हमी किती घट्ट करता येते, कुठे करता येत नाही, याचा बारकाईने माग काढला. सरासरी घेतलेल्या आराखड्यासाठी एक भागिले के असा दर मिळतो. ते २०१२ मध्ये बिंगशेंग हे आणि शियाओमिंग युआन यांनी एडीएमएमसाठी दाखवलं.

ही हमी आमच्या प्रश्नाला लावा. ५६६ फेऱ्यांनंतर ती म्हणते, पाऊल चोविसाव्या हिश्शापर्यंत खाली आलेलं असेल. प्रत्यक्षात ते दशलक्षांशाच्याही खाली गेलेलं असतं. हमी खरी आहे, सर्वांत वाईट प्रसंगासाठी आहे, आणि आमचा प्रसंग तो नव्हता. सरळ अटींच्या बाबतीत दर भूमितीय असतो, म्हणजे चूक दर फेरीला ठरावीक पटीने घटते, आणि ती पट म्हणजे थेट दोन अटींच्या अवकाशांमधल्या सर्वांत बारीक कोनाचा, फ्रिडरिक्स कोनाचा, कोसाइन असतो, हे बाऊश्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकेपणाने सिद्ध केलं. फ्रिडरिक्सने तो कोन मांडला १९३७ साली. मला हे दोन्ही वाचून माहीत होतं. आपल्या यार्डात तो कोन कुठे बसलाय, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

आणखी दोन कोडी याच चित्राने सुटली.

आधीची ‘१८ च्या वर नाही’ वाली अट झटकन का सुटायची? त्या अटीला आतली मोकळी जागा होती. १७.५ आणि १८ यांच्यामध्ये गाडीच्या अटीचे बिंदू तासाच्या अटीच्या अगदी आत येत होते. बिंदू घिरटी घेत अर्ध्या वेढ्यात सीमा ओलांडून आत शिरतो आणि खेळ तिथेच संपतो. एका बाजूला सरळ अवकाश, दुसऱ्या बाजूला बहुफलकी (सपाट बाजूंनी बांधलेला) संच आणि त्याच्या अंतर्भागात समाईक बिंदू असेल तर डग्लस–रॅचफर्ड मोजक्या पावलांत पूर्ण थांबते, असं प्रमेयच आहे. मी ‘इतकंच’ लिहिलं तेव्हा ती आतली जागा कापून टाकली. एका ओळीचा बदल मला बारीक वाटला होता. भूमितीत तो सगळ्यांत मोठा बदल होता.

आणि १.६ च्या पावलाने मंदगती का? दोन रेषांच्या चित्रात पाऊल लॅम्डा पट केलं तर दराचा वर्ग ‘एक वजा लॅम्डा गुणिले दोन-वजा-लॅम्डा गुणिले साइनचा वर्ग’ असा येतो. हे लॅम्डा १ असतानाच सर्वांत लहान होतं. १.६ ला एका अंकाला ९४ ऐवजी १४९ फेऱ्या. जिथे सगळ्या अटी सरळ समानतेच्या आहेत तिथे लांब पाऊल नुकसानच करतं. सर्वत्र चालणारा सल्ला इथे उलटा पडला, आणि त्यात सल्ला देणाऱ्यांची चूक नाही.

उपाय

मुलाने पहिला उपाय काढला तो मला मनापासून आवडला. मूळ बिंदू, त्याचं एका रेषेतलं प्रतिबिंब आणि त्याचं दुसऱ्या रेषेतलं प्रतिबिंब, हे तिन्ही बिंदू छेदनबिंदूपासून सारख्याच अंतरावर असतात, कारण परावर्तनाने अंतर बदलत नाही. मग छेदनबिंदू म्हणजे त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणाचं परिकेंद्र! दोन लंबदुभाजक काढले की उत्तर हातात, घिरट्या नकोतच. शाळेत कंपासपेटी घेऊन परिवर्तुळ काढलेल्या कोणालाही हे दिसेल. या नावाची पद्धत २०१८ मध्ये रीतसर मांडली गेली आहे. एक साधी फेरी जाऊ दिली आणि मग परिकेंद्र घेतलं, तर आमचं उत्तर खरंच तिथल्या तिथे मिळतं.

तरीही ते यार्डात बसवलं नाही. परिकेंद्र काढायला त्या तीन बिंदूंमधली अंतरं लागतात, ती काढायला पेट्यांना बेरजेखेरीज आणखी आकडे बाहेर द्यावे लागतात, आणि ठेकेदारांशी झालेलं बोलणं फक्त बेरजेपुरतं आहे. शिवाय एखादा चार्जर ३.३ ला टेकला की रेषा तिथे मोडते, आणि परिकेंद्र उत्तराच्या पार पलीकडे पडू शकतं. वहीत मात्र ते पान मी जपून ठेवलंय.

बसवलं ते साधं, आणि ते वाटणीतूनच सुचलं. तूट एकवीस जणांत समान का वाटायची? जे परत करणारच आहेत त्यांना थोडं द्या, जे ठेवून घेऊ शकतं त्याला जास्त द्या. गणिताच्या भाषेत, अंतर मोजण्याची फूटपट्टी बदला: कपाटाच्या बदलाला विसावा भाग वजन द्या. मग कपाटाचा वाटा वीस आणि वीस तीनचाकींचा मिळून वीस, म्हणजे निम्मी तूट एका फेरीत योग्य जागी जाते. कोसाइनचा वर्ग अर्धा, कोन ४५ अंश, एका अंकाला ९४ च्या जागी ७ फेऱ्या. रोने जे काम करायला हवं होतं ते खरं हे. फरक एवढाच की सगळ्यांना मिळून एक रो लावला की काही बदलत नाही, प्रत्येकाला वेगळं वजन दिलं की कोन बदलतो.

वजन आणखी कमी करून कोन थेट काटकोन का केला नाही, असं मुलाने विचारलं. तेव्हा सगळा भार एकट्या कपाटावर जातो. ज्या दिवशी कपाट ३.३ ला टेकेल त्या दिवशी पद्धत त्यालाच ढकलत बसेल, बाकीच्यांकडे काही मार्ग असेल तर तो तिला उशिरा सापडेल. ४५ अंश हा सांभाळून घेतलेला निर्णय आहे, सर्वोत्तम असल्याचा दावा नाही.

दुसरी दुरुस्ती थांबण्याच्या नियमाची, आणि मला विचाराल तर तीच आधी व्हायला हवी होती. सहा अंक गाडीला नकोच असतात. ज्या मीटरवर बिल ठरतं त्याला शंभरावा भाग किलोवॅट पुरे. शिवाय मी मोजत होते ते स्मरणाच्या बिंदूचं हलणं, तर चार्जरला जातो तो आराखडा, गाडीची अट पाळणारा. दोन्ही एक नव्हेत. आठवा, सातव्याच फेरीला कपाटाचा आकडा २.४८ होता. त्या क्षणी आराखडा उचलला असता तर रात्रीचा तास १७.४८ वर बसला असता आणि तीनचाकी वेळेवर भरल्या असत्या. पद्धत स्वतः अजून फिरत होती, पण जाता जाता तिने चांगलं उत्तर हातात दिलं होतं आणि प्रोग्रॅम त्याच्याकडे बघत नव्हता. आता प्रत्येक फेरीला प्रत्यक्ष तासाची तूट मोजली जाते, आतापर्यंतचा सर्वांत चांगला आराखडा जपून ठेवला जातो, आणि वेळ संपली तर तोच चार्जरला जातो. रिकामी गाडी उभी राहणार नाही, ही अट आता सगळ्यात वर आहे.

(फक्त त्या सातव्या फेरीवर विसंबायचं नाही. एकच कोन आहे म्हणून सगळे तास एकदम जुळले. कोन अनेक असले की प्रत्येकाचा झोका वेगळ्या फेरीला मधून जातो, आणि एकाच वेळी सगळं जुळेल असं नाही.)

दोन्ही दुरुस्त्या बसवल्यावर त्याच आकड्यांनी पुन्हा चालवून पाहिलं. दुसऱ्याच फेरीला आराखडा १७.५ वर, आणि पद्धतीला पूर्ण शांत होऊ दिलं तरी शंभराव्या भागापर्यंत यायला १२ फेऱ्या, चोवीस सेकंद. जुन्या वजनांनी तेवढ्यासाठीच १७० लागत होत्या.

खरे दिवस इतके नीटनेटके नसतात. एखादी कॅब सकाळी येतच नाही, दोन तीनचाकी पहाटे चारलाच निघतात, मग सारखेपणा मोडतो आणि एकाऐवजी चार-पाच कोन तयार होतात. तेव्हा वेग ठरतो तो त्यातल्या सर्वांत बारीक कोनावर. तो ओळखायला आता आम्ही एक साधी गोष्ट करतो: कागदावर डावीकडे गाड्या, उजवीकडे तास, आणि जिथे गाडी त्या तासाला बदलू शकते तिथे रेघ. ० किंवा ३.३ ला टेकलेली गाडी त्या तासापुरती रेघ गमावते. चित्राचे दोन गठ्ठे होऊन मधे एखाद-दुसरीच रेघ उरलेली दिसली, की त्या रात्री पद्धत रेंगाळणार हे आधीच कळतं, आणि त्या पुलावरच्या गाडीचं वजन आधीच कमी करून ठेवता येतं.

आबांना मी हे सगळं त्याच चित्रावर समजावलं. त्यांनी दोन गठ्ठे पाहिले, मधलं कपाट पाहिलं आणि विचारलं, “अशी आणखी कपाटं घेतली तर?”

बरोबर प्रश्न. एकूण पाच कपाटं झाली तर पंचवीस वाट्यांपैकी पाच कामी येतात, कोसाइनचा वर्ग २० भागिले २५, आणि वजनांना हात न लावताही एका अंकाला २१ फेऱ्या. पण फेऱ्या वाचवायला चार कपाटं विकत घेऊ नका, असं त्यांना सांगितलं. फेऱ्या आता फुकटात कमी झाल्या आहेत. रात्रीची आणि दिवसाची गरज आणखी लांब गेली, म्हणजे एकट्या कपाटाच्या तीस युनिटांत ती तफावत बसेनाशी झाली, तेव्हा दुसरं घ्या. सध्याच्या आकड्यांवर कपाट एका बाजूला जास्तीत जास्त २६.४ युनिट घेऊ शकतं, लागतात २०. जागा आहे.

आबांनी ते २६.४ आणि २० कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय. रात्री सव्वादहाला कोणीतरी जाऊन त्या दिवशीचा आकडा खाली लिहितं.